बाईंची भीती वर्गात उतरते का?

प्रश्न : आमची सून डी.एल.एड.च्या (प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. दहावीनंतर तिनं गणित सोडलं. आता इंटर्नशिपमध्ये चौथी-पाचवीला गणित शिकवायचंय. हिंदीचे, पर्यावरणाचे पाठ ती हौसेनं तयार करते, गणित म्हटलं की चेहरा उतरतो. ट्रेनिंगनं ही भीती जाते का? की ती मुलांनाही लागेल?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : लागू शकते. अमेरिकेत पहिली-दुसरीच्या 17 शिक्षिकांच्या वर्गांचा एक अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. ज्या बाईंना गणिताची धास्ती जास्त, त्यांच्या वर्गात ‘गणित मुलग्यांचं, वाचन मुलींचं’ असं मानणाऱ्या मुली वर्षअखेर जास्त निघाल्या, आणि गणितात मागे पडल्या त्या त्याच.

भीती जाणं मात्र ट्रेनिंगमध्ये काय करून घेतात यावर आहे. थर्माकोलचे तक्ते, चमकी लावलेलं टी.एल.एम. (शिकवण्याचं साहित्य), सुवाच्य पाठयोजना यांना मार्क मिळतात. ते गणित शिकवणारीला स्वतःला उमगलं का, हे बहुधा कुणी विचारत नाही. अशानं भीती झाकली जाते, जात नाही. गणितशिक्षणाच्या अभ्यासक लिपिंग मा यांच्या 1999च्या अभ्यासात शिक्षकांना पावणेदोन भागिले अर्धा हे सोडवायला दिलं होतं. 23 अमेरिकी शिक्षकांपैकी 9 जणांचं उत्तर बरोबर आलं. त्यावर योग्य शाब्दिक उदाहरण एकालाच रचता आलं. चीनमधल्या सगळ्या 72 जणांचं उत्तर बरोबर, आणि 65 जणांनी उदाहरणही नीट रचलं. यातल्या चिनी शिक्षकांचं शिक्षण साधारण नववी आणि वर दोन-तीन वर्षं शिक्षक-प्रशिक्षण, एवढंच. पदवी नव्हती, पण प्राथमिक गणित मुळापासून पक्कं होतं.

सुनेला हेच गणित द्या. पुष्कळ जण म्हणतात, ‘पावणेदोन किलो शेव दोघांत वाटली.’ तो दोननं भागाकार झाला, उत्तर सात अष्टमांश. खरा प्रश्न असा : पावणेदोन किलो शेवेच्या अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पुड्या किती? तीन भरतात, पाव किलो उरते. इथेच दुसरी चूक होते : उरलेल्या पाव किलोला पाव पुडी समजून सव्वातीन लिहितात. पाव किलो म्हणजे अर्धी पुडी, म्हणून साडेतीन.

आता चौथीचं 302 − 148. मुलं 246 लिहितात. दोनातून आठ जात नाहीत, म्हणून उलटं, आठातून दोन. शून्यातून चार जात नाहीत, तिथेही उलटं. हे निष्काळजीपण नव्हे. ‘लहानातून मोठा वजा होत नाही’ हे बाईंचंच वाक्य त्यांनी पाळलेलं असतं. ते वाक्य वर्गात नकोच. पुढे सहावीत ऋण संख्या आल्या की तेच आडवं येतं. त्याऐवजी आइस्क्रीमच्या काड्या आणि रबरबँड घ्यावेत : शंभराचे तीन गठ्ठे, प्रत्येकात दहाच्या दहा जुड्या, शिवाय दोन सुट्या काड्या. एक गठ्ठा सोडला की दहा जुड्या, त्यातली एक सोडली की बारा सुट्या. हाती दोन गठ्ठे, नऊ जुड्या, बारा काड्या. त्यातून 148 काढले की 154. गठ्ठा मुलांनीच सोडायचा. बाईंनी टेबलावर करून दाखवलं तर शून्याच्या जागी नऊ कुठून आले हे कळत नाही.

प्रत्येक पाठाआधी तिनं उदाहरण दोन रीतींनी सोडवावं आणि मुलं कुठे चुकतील ते वहीत लिहावं. वर्गात कुणी ‘असं का?’ विचारलं आणि अडलं, तर ‘उद्या सांगते’ म्हणावं आणि उद्या खरंच सांगावं. ‘मलाही गणित कधी जमलं नाही’ हे धीर द्यायला म्हटलेलं वाक्यही मुलांपुढे नको.

प्रश्न : ट्रेनिंगमध्ये पाठांतर वाईट म्हणतात. मग पाढे पाठ करून घ्यावेत की नाही?
– एक शिक्षिका, राजवाडा परिसर, इंदूर

उत्तर : घ्यावेत, दहापर्यंतचे तरी न अडखळता यायला हवेत. नाहीतर भागाकारात सगळं लक्ष सात आठे किती यातच अडकतं. क्रम मात्र बदला : आधी दोन, पाच, दहा, मग चार, आठ, मग तीन, सहा, नऊ, सात शेवटी. सात आठे विसरलं तर पाच आठे चाळीस, बे आठे सोळा, मिळून छप्पन्न, ही वाट हाताशी असली पाहिजे. पाचवीत अपूर्णांक आले की पावकी, निमकी, पाऊणकी (पाव, अर्धा, पाऊण यांचे पाढे) हेही घ्या.