विचारा, सांगते: आईला कालव्यावर न्यायचंय

प्रश्न : आईला (वय ७३) स्वीडनचा योता कालवा जुन्या जहाजाने दाखवायचा आहे. तिचे गुडघे दुखतात. झेपेल का? — एक वाचक, कोथरूड

उत्तर : दादा, कालवा झेपेल, जहाज अवघड आहे. त्या कालव्यावरचं ‘जुनो’ हे जहाज १८७४ सालचं. केबिन म्हणजे रेल्वेच्या कूपेसारखी, बर्थ एकावर एक, संडास-बाथरूम बाहेर, सामाईक, लिफ्ट नाही. रात्री दोनदा उठणाऱ्या बाईला हे नको.

कालवा मात्र बघण्यासारखाच. १८३२ साली पुरा झाला, लांबी १९० किलोमीटर, ५८ लॉक, म्हणजे जहाज वर-खाली करणाऱ्या, दोन्हीकडे दारं असलेल्या पाण्याच्या टाक्या. बर्ग गावी सलग सात लॉक आहेत. जहाज आत घ्यायचं, मागचं दार लावायचं, मग वरच्या टाकीतलं पाणी आत सोडायचं. जहाज भिंतीला घासत वर चढतं. पंप लागत नाही, सगळा उताराचा खेळ! आईंना हे काठावरच्या बाकावरून दाखवा. मुक्काम जवळच्या लिंशपिंगला हॉटेलात, आणि कालव्यावर फक्त दिवसाची फेरी.

पाण्यावरच झोपायचा हट्ट असेल तर फ्रान्सचा मिदी कालवा बघा. तिथल्या हॉटेल-बार्जवर, म्हणजे राहायच्या खोल्या असलेल्या सपाट बोटींवर, बहुधा खोलीतच बाथरूम असतं. तरी पायऱ्या किती, ते आधी लेखी विचारा. मेतकूट-भाताची सोय आपली आपणच करायची.