डॉक्टरांना सरकारी परवान्याची सक्ती असावी का?
हो, असायलाच हवी. भाजी आपण हाताळून घेतो. डॉक्टरचं ज्ञान पारखायचं साधन तापाने फणफणलेल्या पेशंटकडे नसतं. ती पारख आधीच कुणीतरी करून ठेवावी लागते. 2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यानुसार नोंदणीशिवाय वैद्यकी केल्यास 1 वर्षापर्यंत कैद किंवा 5 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. महाराष्ट्रात ॲलोपॅथी डॉक्टरांना महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे दर 5 वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरणही करावं लागतं. खेड्यात डॉक्टर नाही म्हणून बोगस माणूस चालवून घ्या, हे मला अजिबात पटत नाही. गरज नसताना स्टेरॉइड टोचलं जातं ते अशाच ठिकाणी. दवाखान्यात नोंदणी क्रमांक दिसला नाही तर बेधडक विचारा.