शॉकअप बदलले तरी खडखड तशीच!

प्रश्न: माझी पिकअप २२ वर्षं जुनी आहे. पुढे दोन्ही बाजूंना वरचा-खालचा आर्म आणि खालच्या आर्मवर कॉइल स्प्रिंग अशी रचना आहे. खड्ड्यातून गेली की पुढून खडखड येते, ब्रेक मारला की एकीकडे ओढते, आणि पुढचे टायर आतल्या कडेला गुळगुळीत झालेत. मेकॅनिकने शॉकअप नवीन टाकले, पण फरक शून्य. आता वैतागून सगळं पुढचं सस्पेंशन स्वतःच खोलून नवं करावं म्हणतोय. सुरुवात कुठून करू?

उत्तर: आधी पाना खाली ठेवा. तुमच्या मेकॅनिकने केलं ते बरेच जण करतात, आवाज आला की शॉकअप बदला. अहो पण शॉकअपचं काम काय, तर स्प्रिंग उसळली की तिला झोके खाऊ द्यायचे नाहीत, बास. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते आणि चाक जागच्या जागी धरून ठेवतात बॉल जॉइंट (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोल सांधा) आणि बुश (आर्म चासीला जोडतो तिथली रबरी नळी). तुमची तिन्ही लक्षणं वाचली तर मला शॉकअपपेक्षा या दोघांवरच जास्त संशय येतोय.

तेव्हा खोलायच्या आधी चाक हलवून बघा. तुमची स्प्रिंग खालच्या आर्मवर आहे, म्हणून जॅक लावायचा तो खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जितका जवळ जमेल तितका. चासीखाली लावलात तर स्प्रिंगचा दाब जॉइंटवर तसाच राहतो आणि पार झिजलेला जॉइंटसुद्धा घट्ट वाटतो, इथंच भलेभले फसतात. मग घड्याळात १२ आणि ६ वाजतात त्या जागी चाक धरून आत-बाहेर हलवा. खटखट लागली तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ढिलाई गायब झाली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, तशीच राहिली तर बॉल जॉइंटचा. ३ आणि ९ वर धरून हलवलं की टाय रॉड एंड आणि आयडलर आर्म, म्हणजे स्टिअरिंगचे सांधे, बोलायला लागतात. बुशसाठी आर्म आणि चासीच्या मध्ये लांब टॉमी (लोखंडी दांडा) घालून हलका जोर द्या, रबर फाटलं असेल तर आर्म सरकलेला डोळ्यांना दिसतो. ब्रेक मारल्यावर गाडी एकीकडे जाते त्याचं एक कारण हेच, खालचा आर्म मागे सरकतो आणि चाकाचा कोन बदलतो. (दुसरं कारण म्हणजे अडकलेला ब्रेक कॅलिपर, तो बघितल्याशिवाय सस्पेंशनला शिव्या घालू नका.)

आणि उंची मोजा. जमिनीपासून नको, कारण टायरमधली हवा कमीजास्त असते, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा आणि दोन्ही बाजू मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा. स्प्रिंग बसली की चाकं वरून आत झुकतात आणि टायर आतून खातो. हे सोडून नुसते बॉल जॉइंट बदललेत तर नवे टायरही तसेच जातील.

आता खोलायचं. जे बदलाल ते दोन्ही बाजूंना बदला आणि एका वेळी एकच बाजू खोला, दुसरी बाजू म्हणजे तुमचा नकाशा, कुठला वॉशर कुठं होता ते तिथं बघायचं. पण खरा धोका कॉइल स्प्रिंगचा. दबलेल्या स्प्रिंगमध्ये माणूस मारायची ताकद असते, हे घाबरवायला म्हणत नाहीये. गाडी भक्कम स्टँडवर, स्प्रिंगला कॉम्प्रेसर (तिला दाबून धरणारं हत्यार), शिवाय स्प्रिंगमधून चासीला एक जाड साखळी, खालच्या आर्मखाली जॅक, आणि तुम्ही स्वतः बाजूला, समोर नाही. बॉल जॉइंटचा नट पूर्ण काढायचा नाही, चार-पाच आटे धरून ठेवायचा, म्हणजे जॉइंट एकदम सुटला तरी नट अडवतो. जॉइंट सुटत नसेल तर त्याच्या पिनच्या टोकावर हाणू नका, आटे जातील. नकलच्या (चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागाच्या) ज्या गोल कानात ती निमुळती पिन बसते त्या कानावर बाजूने जड हातोड्याचे दोन-तीन नीट फटके द्या, धक्क्याने पकड सुटते. फोर्क (दोन दातांची पाचर) घालून सोडवता येतो पण त्याने रबरी बूट फाटतो, म्हणून जॉइंट टाकून द्यायचा असेल तरच. सुटल्यावर जॅक हळूहळू खाली घ्या आणि स्प्रिंग पूर्ण मोकळी होईपर्यंत हात आत घालू नका. कॅलिपर तारेने टांगा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवू नका.

जोडताना एक चूक मी स्वतः केलीय म्हणून जरा तपशिलात सांगतो. सगळे बुश नवीन घातले, गाडी स्टँडवर, चाकं लोंबकळतायत, आणि मी आर्मचे बोल्ट तिथंच पूर्ण आवळून मोकळा झालो. काही महिन्यांत बुश फाटले आणि मी दुकानदाराच्या मालाला नावं ठेवत बसलो. माल चांगला होता हो. रबरी बुश आर्मबरोबर फिरत नाही, त्याची आतली नळी बोल्टने पकडलेली असते आणि मधलं रबर फक्त पिळवटतं. चाक लोंबकळत असताना आवळलं की गाडी खाली ठेवल्या क्षणापासून रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि वर प्रत्येक खड्ड्याला आणखी पिळ. म्हणून बोल्ट आधी नुसते हाताला लागतील एवढे लावा, गाडी चाकांवर उभी करा, दोन-चार वेळा दाबून बसवा आणि मग टॉर्क पान्याने शेवटचं आवळा.

बॉल जॉइंटच्या नटाला स्प्लिट पिनचं (नट सुटू नये म्हणून घालतात ती) भोक जुळत नसेल तर पुढच्या खाचेपर्यंत आवळायचा, ढिला करून कधीच जुळवायचा नाही. जुना टाय रॉड एंड काढताना किती आटे फिरला ते मोजून नवा तितकाच घाला, म्हणजे निदान अलाइनमेंटवाल्यापर्यंत सरळ जाल. तिथं मात्र त्याच दिवशी जा, आणि नुसता टो (वरून बघितल्यावर चाकं आत-बाहेर किती वळलीत ते) करून देतो म्हणाला तर ऐकू नका. आधी कास्टर (स्टिअरिंगचा आस पुढे-मागे किती झुकलाय) आणि कॅम्बर (चाक वरून आत-बाहेर किती झुकलंय), टो सगळ्यात शेवटी.

प्रश्न: रबरी बुशऐवजी पॉलियुरेथेनचे टाकले तर जास्त टिकतील ना?

उत्तर: टिकतात, आणि स्टिअरिंगही जरा टाइट वाटतं. पण हादरे केबिनमध्ये जास्त येतात आणि त्यांच्यासोबत येणारं ग्रीस नीट लावलं नाही तर चुंईचुंई करत जीव खातात. रोज माल वाहणारी गाडी असेल तर मी रबरच घालीन. रबराला मात्र बसवताना साधं ऑइल-ग्रीस लावू नका, फुगून खराब होतं, साबणाचं पाणी पुरतं.

प्रश्न: माझ्या पिकअपला पुढे कॉइल नाही, टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारे लांब दांडे) आहेत. गाडी पुढून बसलीय. त्यांचा उंचीचा बोल्ट आवळून उचलली तर काम भागेल का?

उत्तर: मूळ उंचीपर्यंत आणायला हरकत नाही, ती सोय त्यासाठीच दिलीय. त्याच्यावर, रुबाबासाठी, नको. बार त्याने कडक होत नाही, फक्त आर्म खाली ढकलले जातात, मग चाकाला खाली जायला जागाच उरत नाही आणि प्रत्येक उंचवट्यानंतर वरचा आर्म स्टॉपवर ठण्णकन आपटतो. बॉल जॉइंटही तिरके राहून लवकर जातात. बार काढणारच असाल तर काढायच्या आधी डावा-उजवा लिहून ठेवा, त्यांचा पीळ ठरलेल्या दिशेचा असतो, अदलाबदल केली तर तुटू शकतात. बोल्टचे किती आटे बाहेर होते तेही मोजून ठेवा. आणि उंची बदलली की अलाइनमेंट परत, ते चुकत नाही.