फ्रूट केकची फळं तळाला बसतात, वरून करपतो आणि फॉन्डंट घसरतं, त्याबद्दल

नाताळला तीन आठवडे आहेत ना हातात, मग उशीर वगैरे काही झालेला नाही. फळं वर्षभर रममध्ये मुरली असतील तरच खरा केक, असं दर डिसेंबरला कोणीतरी सांगतंच, ते मनावर घेऊ नका. वर्षाची बरणी हा हौसेचा मामला, चवीला फरक पडतो, पण तुमचा केक फसतोय तो त्यामुळे नाही. इंग्लंडात जिथून हा केक आला तिथेसुद्धा पुडिंग-केकची घाई सुरू होते ती अॅडव्हेंटच्या (नाताळआधीच्या चार रविवारांच्या काळाच्या) आधीच्या रविवारी, म्हणजे नाताळच्या साधारण पाच आठवडे आधी.

तुम्ही लिहिलंय की फळं सगळी तळाला जाऊन बसली, केक वरून काळा आणि मध्ये गिच्च, आणि वर लावलेलं फॉन्डंट (साखरेची लाटून पांघरायची चादर) फ्रीजमधून काढल्यावर घाम येऊन घसरलं. शिवाय सासऱ्यांना रम चालत नाही आणि नवऱ्याला रमशिवायचा केक हा केकच वाटत नाही. शेवटचा प्रश्न सोडला (तो तुम्ही दोन केक करूनच सोडवा) तर बाकी तिन्हीच्या मागे मला एकच भानगड दिसते, ओल. फळांत किती, पिठात किती, भाजताना किती जाते आणि आयसिंगखाली किती अडकते. ते एकदा कळलं की रेसिपी कुठलीही घ्या.

फळांपासून सुरू करते. बाजारात लाल चेरी म्हणून जे मिळतं ती बहुतेक वेळा पाकात घोळवून रंगवलेली करवंदं असतात, आणि टूटीफ्रूटी म्हणजे कच्ची पपई. दोन्हीला माझी हरकत नाही, पण त्यांच्या अंगावरचा पाक तसाच पिठात गेला की फळाभोवतीचं पीठ पातळ होतं आणि फळ सरळ खाली घसरतं. म्हणून दोन्ही गरम पाण्यातून काढायची, फडक्यावर पसरायची आणि हाताला चिकटत नाहीत इतकी कोरडी होऊ द्यायची. काळे मनुके, बेदाणे, खजूर, जर्दाळू, थोडं पाकातलं आलं, संत्र्याची साल, असं सगळं मिळून ६०० ग्रॅम घ्या. सगळ्याचे तुकडे मनुक्याएवढे करा, अख्खी चेरी बुडणारच. आणि टूटीफ्रूटीचं प्रमाण कमी ठेवा, नाहीतर बेकरीतल्या स्लाइस केकची चव येते (तो मला आवडतो, पण चहाबरोबर).

रमवाल्या केकसाठी या ६०० ग्रॅमला १५० मिली रम पुरते. ओल्ड मंकच घ्या, ४२.८ टक्क्यांची असते आणि तिच्यातच व्हॅनिलासारखा वास असतो, महागडी ब्रँडी इथे फुकट जाते. काचेच्या बरणीत भरून रोज एकदा उलटीसुलटी करायची, पाच-सहा दिवसांत फळं फुगतात. केक करायच्या दिवशी गाळणीत ओतून अर्धा तास निथळू द्या, खाली जमलेली रम टाकू नका, ती पुढे लागते. निथळणं ही पायरी लोक हमखास गाळतात, आणि फळं बुडण्याचं निम्मं कारण तिथेच असतं. मैद्यात घोळवली की बुडत नाहीत हे अर्धसत्य आहे, ओल्या फळाला मैदा लावलात तर फक्त लगदा होतो.

बिनरमच्या केकला तेवढीच फळं १५० मिली संत्र्याच्या रसात मंद आचेवर सात-आठ मिनिटं शिजवा, रस जवळजवळ आटला पाहिजे, मग झाकून रात्रभर फ्रीजमध्ये. रसात फळं आठवडाभर बाहेर मुरत ठेवायची नाहीत, आंबतात. आणि एक, भाजताना दारू सगळी उडून जाते असं सासऱ्यांना सांगू नका, कारण ते खरं नाही, थोडी राहतेच, आणि भाजल्यावर वरून घातलेली तर बरीचशी राहते. त्यांचा केक वेगळ्या टिनमध्ये, वेगळ्या डब्यात, वर नाव लिहून.

तशी दारूची अमुकच पाहिजे अशी सक्ती आपल्याकडे पहिल्यापासून नाहीच. केरळातल्या थलश्शेरीची गोष्ट प्रसिद्ध आहे, १८८३ साली मर्डॉक ब्राउन नावाच्या मळेवाल्या साहेबाने मम्बल्ली बापू या बिस्किटवाल्याला विलायती केकचा नमुना दिला आणि माहेहून (जवळच्या फ्रेंच वसाहतीतून) फ्रेंच ब्रँडी आणून घाल म्हणाला, तर बापूंनी काजूची बोंडं आणि कदळी केळी यांची गावठी दारू घालून केक केला आणि साहेब खूश झाला, असं सांगतात. अलाहाबादेत (आताच्या प्रयागराजला) तर या केकमध्ये पेठा, मुरंबा आणि लोण्याऐवजी तूप जातं. तेव्हा तुमच्याकडे जर्दाळू नाही म्हणून अडून बसू नका.

आता रंग. दुकानात मिळणारा काळसर केक हा रमचा प्रताप नसून करपवलेल्या साखरेचा असतो, आणि ही पायरी घाबरून सोडलीत तर केक फिका होतो, रंगानेही आणि चवीनेही. जाड बुडाच्या पातेल्यात १०० ग्रॅम साखर कोरडीच घ्या, आच मध्यम. आधी कडेने वितळेल, चमचा घालू नका, पातेलंच फिरवा. मग मधासारखा रंग येईल, मग कोऱ्या चहासारखा, आणि इथे सगळ्यांचा हात गॅसच्या बटणाकडे जातो. थांबा. अजून अर्धा-एक मिनिट, फेस बारीक होतो, कडेने धूर निघायला लागतो आणि वास गोडाकडून कडूकडे झुकतो, तेव्हा गॅस बंद करून ८० मिली उकळतं पाणी थोडं थोडं ओतायचं, तोंड लांब, हात लांब, मुलं स्वयंपाकघराच्या बाहेर, कारण ते पातेलं अक्षरशः उसळतं. गार पाणी चुकूनही नको. गोळा झालाच तर परत मंद आचेवर ठेवा, विरघळतो. गार झाल्यावर पातळ काकवीसारखं दिसलं पाहिजे आणि चाटल्यावर किंचित कडवट लागलं पाहिजे. यातलं तीन-चार चमचेच लागेल, उरलेलं बाटलीत भरून ठेवा, महिनोन् महिने टिकतं.

सात इंची टिनसाठी १७५ ग्रॅम बिनमिठाचं लोणी, १७५ ग्रॅम ब्राउन शुगर, ३ अंडी, १७५ ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम बदामाची पूड, अर्धा चमचा बेकिंग पावडर, दालचिनी-जायफळ-लवंग पूड मिळून दीड चमचा, संत्र्याची किसलेली साल. अमूलचं नेहमीचं खारं बटर असेल तरी चालतं, वरून मीठ घालू नका म्हणजे झालं. लोणी-साखर हलकी होईपर्यंत फेटा, अंडी फ्रीजबाहेरची, एकेक करून, फुटल्यासारखं दिसलं तर चमचाभर मैदा टाका. मग ते करपवलेल्या साखरेचं कॅरॅमल, मग मैदा, शेवटी फळं. हे पीठ घट्ट असतं, चमच्यातून धप्पकन पडलं पाहिजे. स्पंज केकसारखं वाहणारं झालं तर फळं बसणारच, मग तुम्ही ती मैद्यात घोळवा नाहीतर आणखी कशात. दूध घालायचा मोह होईल. घालू नका. एगलेसचं गणित वेगळं आहे, ते यात जबरदस्तीने बसवू नका.

वरून काळा आणि आत गिच्च, याला जबाबदार तुमचा ओटीजी (घरगुती छोटी विजेची भट्टी), आणि थोडं तुम्ही ठेवलेलं १८०. तो आकडा स्पंजचा. फ्रूट केकला १४० पुरे, फॅन चालू असेल तर १३०, आणि वेळ दोन ते अडीच तास. छोट्या ओटीजीचा डायल जे म्हणतो ते आत असतंच असं नाही, वीस-तीस अंशांचा फरक सहज निघतो, म्हणून आत ठेवायचं थर्मामीटर आणा, चार-पाचशेच्या आसपास मिळतं आणि कुठल्याही नोझल सेटपेक्षा कामाचं आहे. टिनला आतून बटर पेपरचा दुहेरी थर द्या आणि बाहेरून ब्राउन पेपरची जाड पट्टी दोऱ्याने बांधा, म्हणजे कडा आधी वाळत नाहीत. फक्त २८ लिटरच्या ओटीजीत वरचा रॉड फार जवळ असतो, कुठलाही कागद टिनच्या काठावर बोटभरापेक्षा जास्त येऊ देऊ नका आणि रॉडला टेकत नाही ना हे भट्टी गार असतानाच बघून घ्या. जाळी सगळ्यात खाली. सव्वा तासाने वर फॉइल सैलसर झाका.

झाला का हे बघायला सळई घालाच, पण त्याआधी टिन बाहेर काढून कान जवळ न्या. कच्चा केक बोलतो. बारीक चुरचुर, सोड्याच्या बाटलीसारखी, ती आतली वाफ अजून निघतेय म्हणून. आवाज अगदी मंद झाला, सळईला ओलं पीठ नाही लागलं (फळाचा चिकटपणा लागेल, तो धरू नका) की काढा. अगदी शांत होईपर्यंत ठेवलात तर कोरडा होतो.

टिनमध्येच पूर्ण गार होऊ द्या, रात्रभर म्हटलं तरी चालेल. मग रमवाल्याला दाभणाने भोकं पाडून ती निथळलेली रम दोन चमचे, आणि बटर पेपरमध्ये गुंडाळून वरून फॉइल. फॉइल थेट केकला लावू नका, फळांतल्या आंबटपणाने तिला बारीक भोकं पडतात. आठवड्यातून एकदा दोन चमचे, बस. रोज रम पाजणारे लोक मला माहितीयेत, त्यांचा केक कापताना सुरीला लगदा लागतो. शेवटच्या आठवड्यात काही घालायचं नाही, वरचा भाग कोरडा हवा कारण सजावट त्यावर होणार. रसवाला केक मात्र आत्ता करू नका, २१-२२ तारखेला करा आणि फ्रीजमध्ये ठेवा, त्याला वरून रस पाजत बसलात तर बुरशी येईल.

आता सजावट. फॉन्डंटचं मी स्पष्टच सांगते, सोडून द्या. त्यात साखर भरपूर, ती हवेतलं पाणी ओढते, आणि फ्रीजमधून दमट हवेत काढलं की त्यावर दव धरतं, मग रंग ओघळतात आणि चादर घसरते. डिसेंबरात पुण्या-नाशकात हवा कोरडी असते तरी फ्रीजचा घाम चुकत नाही, मुंबई-वसईकडे तर बोलायलाच नको. रमवाल्या फ्रूट केकला फ्रीजची गरजच नाही हे विसरून आपण त्याला आत ढकलतो, तिथेच गडबड होते.

त्याऐवजी मार्झिपान. विलायतेत बदामाचं, गोव्यात आणि आमच्या वसईत काजूचं. काजूकतली जमत असेल तर हे जमलंच म्हणून समजा, २५० ग्रॅम काजूपूड, १२५ ग्रॅम साखरेचा एकतारी पाक, थोडं गुलाबपाणी, दोन थेंब बदाम इसेन्स, गोळा जरा मऊ ठेवायचा म्हणजे लाटताना तडकत नाही. एवढं वरच्या बाजूला पुरतं आणि थोडं उरतं, कडाही झाकायच्या तर दुप्पट करा. केक उलटा ठेवा, तळाची बाजू सपाट असते. जर्दाळूचा जॅम चमचाभर पाण्यात उकळून गाळून ब्रशने लावा, वर लाटलेलं मार्झिपान. आणि आता त्याला दोन दिवस उघड्यावर, पातळ फडक्याखाली वाळू द्या. ही दोन दिवसांची कळ काढली नाहीत तर केकचा रंग आणि काजूचं तेल आयसिंगवर पिवळट डाग पाडतं, हे हमखास.

मग रॉयल आयसिंग. ३ अंड्यांच्या पांढऱ्यात ५०० ग्रॅम चाळलेली आयसिंग शुगर, चमचाभर लिंबाचा रस, आणि चमचाभर ग्लिसरीन, नाहीतर ते इतकं कडक होतं की सुरी वाकते. ग्लिसरीन खाण्याचंच हवं, मेडिकलमध्ये त्वचेला लावायचं मिळतं ते नको. कच्च्या अंड्याची भीती असेल, घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल, तर मेरिंग पावडर (अंड्याच्या पांढऱ्याची सुकी पूड) वापरा, क्रॉफर्ड मार्केटमध्ये आणि केकचं सामान मिळणाऱ्या बहुतेक दुकानांत मिळते. गुळगुळीत करण्याच्या नादी लागू नका, त्याला तीन थर आणि स्थिर हात लागतो. चमच्याची पाठ टेकवायची आणि उचलायची, टोकं उभी राहतात, बर्फ पडल्यासारखं दिसतं आणि खालच्या सगळ्या खोडी झाकल्या जातात. हिरव्या-लाल मार्झिपानची पानं आणि बोरं त्यावर, बाजूला एक लाल रिबन, झालं. नर्सरीतून आणलेली पॉइनसेटियाची लाल पानं केकवर ठेवू नका, दिसतात छान पण त्याचा चीक त्रासदायक असतो. रोझमेरीची काडी अंड्याच्या पांढऱ्यात बुडवून साखरेत घोळवली की ती बर्फाळ दिसते.

आणि खरं सांगू का, पांढरा केक फोटोत भाव खातो पण खाताना निम्मे लोक आयसिंग बाजूला काढून ठेवतात. सासऱ्यांच्या केकला तर मी आयसिंग करणारच नाही, तो तसाही शेवटच्या दोन-तीन दिवसांत होणार, मार्झिपान वाळवायला वेळ कुठे आहे. त्यावर स्कॉटलंडच्या डंडी केकसारखे सोललेले बदाम गोलात मांडून भाजा, गार झाल्यावर जॅमचा हात फिरवा, आरशासारखा चमकतो.

कापायला पातळ, बिनदात्याची लांब सुरी घ्या, प्रत्येक कापाला गरम पाण्यात बुडवून पुसून. काप बोटाएवढे बारीक करा, हा केक जड असतो, मोठा तुकडा कोणाच्याच्याने संपत नाही. यॉर्कशायरात तर त्याबरोबर वेन्स्लीडेल चीजचा तुकडा खातात, ऐकायला विचित्र वाटतं पण साधं अमूल चीज लावून एकदा बघा, नवऱ्यावर प्रयोग करा आधी. बरणी आजच भरा, रम आणायला तुमच्याकडे उत्साही माणूस आहेच, आणि ओटीजीचा थर्मामीटरवरचा आकडा काय येतोय तो इथे कळवा, त्याप्रमाणे वेळ सांगते.