शेजाऱ्याला माफी, मग माझ्या पुण्याचे काय?

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. मी गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहते. एका पतसंस्थेत हिशेब लिहायची नोकरी केली, आता निवृत्त आहे. शेजारच्या ख्रिश्चन घरातला कर्ता पुरुष नुकताच वारला. दारू प्यायचा, बायकोवर हात उचलायचा, मुलीच्या लग्नासाठी जपलेले सोनेही त्याने गहाण टाकले. शेवटी अंथरुणाला खिळल्यावर पाद्री आले, त्यांनी त्याचा कुमसार, म्हणजे पापांची कबुली, घेतला, कपाळाला तेल लावले. मयताला मी चर्चमध्ये गेले होते. तिथे पाद्री म्हणाले, ‘देवाची कृपा कोणीच कमावलेली नसते. ती ह्यालाही मिळाली अशी आपण आशा बाळगू.’ तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. मी सोमवार केले, चतुर्थ्या केल्या, अंथरुणावरच्या सासूचे सगळे केले. हिशेबच नसेल तर चांगले वागायचे कशाला? त्याच्या बायकोने महिन्याच्या मिसेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीला, बोलावले आहे. जाऊ की नको?

उत्तर : ताई, तुमचा राग खरा आहे, आणि तो बायबलमध्येही आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात, २०व्या अध्यायात, येशू द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट सांगतो. मालक पहाटे बाजारात जाऊन दिवसाला एक दिनार ठरवून मजूर आणतो. पुन्हा नऊला जातो, बाराला, तीनला, आणि दिवस मावळायला तासभर उरलेला असताना पाचलाही. मजुरी वाटताना सगळ्यांच्या हातावर एकेकच दिनार ठेवतो, तोही शेवटी आलेल्यांपासून. उन्हातान्हात राबलेले कुरकुरतात, ‘ह्यांना आमच्याच पंगतीत बसवलेस?’ मालक म्हणतो, तुझे मी काही बुडवले नाही. मी उदार झालो ते तुला खुपते का?

म्हापशाला मी मराठी शिकवत होते. रविवारी मिस सुटली की अजूनही दोतोर्नीचा, म्हणजे मुलांच्या धर्मशिक्षणाचा, वर्ग घेते. ही गोष्ट सांगितली की मुले हटकून पहाटेच्या मजुरांची बाजू घेतात. एकदा एक मुलगा मात्र गप्प बसून होता. त्याचे वडील रोज सकाळी बाजाराजवळच्या नाक्यावर, डबा घेऊन, कोणी कामाला नेईल का याची वाट बघत उभे राहतात. मी विचारल्यावर तो एवढेच म्हणाला, ‘काम नाही मिळाले तर बाबा लगेच घरी येत नाही.’ वर्गातला गलबला थांबला. मग आम्ही तो उतारा पुन्हा वाचला. दिवसभर रिकामे का उभे राहिलात, या प्रश्नाला पाच वाजताचे मजूर उत्तर देतात, ‘कोणी आम्हाला कामाला लावले नाही.’ दिनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी, घरात चूल पेटेल एवढी. मालकाने त्यांची गरज बघितली, तास मोजले नाहीत.

तुम्ही म्हणाल, माझा शेजारी काही काम मिळाले नाही म्हणून उभा नव्हता, तो घर उद्ध्वस्त करत होता. बरोबर आहे. त्याच्यासाठी दुसरी जागा आहे : लूकच्या शुभवर्तमानातला, येशूच्या शेजारी क्रुसावर टांगलेला गुन्हेगार. आम्हाला झालेली शिक्षा रास्त आहे, असे तो स्वतः कबूल करतो आणि फक्त ‘माझी आठवण ठेव’ म्हणतो. भरपाई करायला त्याच्याकडे वेळ नाही, हातही मोकळे नाहीत. तरी त्याच दिवशी स्वर्गात माझ्याबरोबर असशील, असे येशू त्याला सांगतो. मरताना नारायणाचे नाव घेऊन सुटलेल्या पापी अजामिळाची कथा तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. यमदूत रिकाम्या हातांनी परतले तेव्हा तुम्हाला बरेच वाटले असेल. पण अजामिळ तुमच्या शेजारी राहत नव्हता. त्याच्या बायकोचे रडणे तुम्ही भिंतीपलीकडून ऐकले नव्हते.

म्हणून एक गोष्ट ठासून सांगते. देवाने माफ केले म्हणून त्या बाईचे दुखणे पुसले जात नाही, आणि तिनेही आता सगळे विसरावे असे तिला कोणी सांगू नये. अशी उपदेशबाजी मी पाहिली आहे, मला ती सहन होत नाही. पाद्रींचा शब्दही नीट ऐका : त्यांनी ‘आशा’ म्हटले, खात्री दिली नाही. कॅथलिक श्रद्धेप्रमाणे क्षमा मिळालेल्या जिवालाही मरणानंतर शुद्ध व्हावे लागू शकते. महिन्याची मिस असते ती त्यासाठीच, मेलेल्यासाठी मागणे मागायला.

चांगले वागायचे कशाला, हा तुमचा प्रश्न ख्रिस्ती धर्माचा आरंभीचा प्रचारक संत पौल यालाही विचारला गेला होता. मला त्या प्रश्नाचे उत्तर जक्कयाच्या गोष्टीत सापडते. यरीहोचा हा जकातदार लोकांना लुबाडून गबर झालेला. येशूला बघायला तो झाडावर चढतो. येशू झाडाखाली थांबून त्याला म्हणतो, खाली उतर, आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे. आधी सुधार, मग येतो, असे म्हणत नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्याची चौपट परतफेड, हे जक्कय त्यानंतर बोलतो. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. आम्ही तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतो, त्याने तरी तोवर काय कमावलेले असते?

हे गळी उतरणे सोपे नाही. माणूस स्वतःच्या बळावर पुण्यवान होऊ शकतो, या पेलागियस नावाच्या ख्रिस्ती संन्याशाच्या मताशी धर्मपंडित संत ऑगस्टीन पाचव्या शतकात झुंजले. विश्वासाची सुरुवातसुद्धा कृपेनेच होते, असे ५२९ साली फ्रान्समधल्या ओरांजच्या धर्मसभेने सांगितले. सोळाव्या शतकात याच विषयावरून चर्च दुभंगले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथे कॅथलिक आणि तेव्हा वेगळे झालेले लूथरन या दोघांनी मिळून एका निवेदनावर सही केली, की देव आपल्याला स्वीकारतो तो केवळ कृपेने, आपल्या लायकीमुळे नव्हे. आणि आमच्या गोव्यातच पाहा, फेस्ताचा, म्हणजे चर्चच्या सणाचा, मान कोणत्या कोंफ्रारीचा (चर्चमधल्या मंडळाचा) यावरून ख्रिश्चनांनी आपसात किती भांडणे केली आहेत! वेदीसमोर सगळ्यांना एकच प्रसाद मिळतो, तरी बाहेर आलो की आम्ही पायऱ्या मोजायला लागतो.

तुमच्या पुण्याचे म्हणाल, तर बायबलमधल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला थोरला भाऊ आठवा. धाकटा आपला वाटा उधळून परत येतो आणि बाप त्याच्यासाठी मेजवानी देतो. तोही तुमच्यासारखाच रागाने अंगणात उभा आहे. बाप थोरल्यासाठी मेजवानी सोडून बाहेर येतो आणि समजावतो, ‘बाळा, तू नेहमी माझ्याजवळच आहेस, माझे आहे ते सगळे तुझेच आहे.’ धाकटा परतला म्हणून थोरल्याचे काही कमी झाले नाही. सासूची कूस बदलताना, तिला घासघास पेज भरवताना तुम्ही मनात आकडे मांडत होता, असे मला तुमच्या पत्रावरून अजिबात वाटत नाही. तुमच्या हातून ते झाले, हीच मी कृपा समजते.

तेव्हा मिसेला जरूर जा. त्याच्यासाठी प्रार्थना निघत नसेल तर तिच्यासाठी करा. सगळे ख्रिस्तप्रसाद घ्यायला रांगेत जातील तेव्हा जागेवरच बसून राहा. तो बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतो, कोणी वावगे मानणार नाही. मिस सुटल्यावर मात्र तिला थोडे बाजूला घेऊन गहाण सोन्याच्या पावत्या कुठे आहेत ते विचारा. लिलावाची नोटीस आली आहे का, व्याज किती चढले, मुदत वाढवून मिळेल का, हे तिला कोणी समजावून सांगितले असेल असे मला वाटत नाही. तुम्हाला ते कागद वाचता येतात.