आंतरराष्ट्रीय संबंधांत एम.ए. करताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी पदवी अभियांत्रिकीची. हा विषय झेपेल का?

झेपेल. अनेक विद्यापीठांना कुठल्याही शाखेची पदवी चालते. पहिलं सत्र मात्र जड जाईल, कारण वर्गातल्या निम्म्या मुलांना पहिल्या महायुद्धानंतर स्थापन झालेला राष्ट्रसंघ (लीग ऑफ नेशन्स) का कोसळला हे आधीच ठाऊक असेल. प्रवेशापूर्वीच विसाव्या शतकाचा इतिहास नीट वाचून काढा. आकड्यांची सवय तुमच्या कामी येईल. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या नोंदींत वर्षाला लढाईत किमान २५ माणसं मेली की 'सशस्त्र संघर्ष' धरतात, १००० झाली की 'युद्ध'. या सीमारेषा हलवल्या तर निष्कर्ष किती बदलतील, हा प्रश्न तुम्हाला इतरांच्या आधी सुचेल.

प्रश्न : रोज चार वर्तमानपत्रं वाचतो, तरी निबंधावर 'हा घटनाक्रम झाला, विश्लेषण कुठे?' असा शेरा आला. सिद्धांत इतके महत्त्वाचे असतात का?

शेरा रास्त आहे. १९६२चा क्यूबा क्षेपणास्त्र पेच घ्या, म्हणजे सोव्हिएत संघाने क्यूबात ठेवलेल्या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रांवरून अमेरिकेशी झालेला संघर्ष. अमेरिकी अभ्यासक ग्रॅहॅम अ‍ॅलिसन यांनी तो तीन अंगांनी तपासला : राष्ट्र एकसंध, हिशेबी निर्णय घेतं असं मानून, सैन्य आणि खात्यांच्या ठरलेल्या कार्यपद्धतींतून, आणि सत्तेतल्या माणसांच्या आपसातल्या ओढाताणीतून. घटना त्याच, पण प्रत्येक वेळी वेगळा पुरावा शोधावा लागतो. सिद्धांत हवा तो यासाठी. 'वास्तववादी म्हणतात, उदारमतवादी म्हणतात, रचनावादी म्हणतात' असे या विषयातल्या तीन विचारप्रवाहांवर तीन परिच्छेद पाडले की सिद्धांत झाला, असं बरेच जण समजतात. तसले निबंध तपासताना मला तरी झोप येते.

प्रश्न : 'जागतिक शांततेत संयुक्त राष्ट्रांची भूमिका' हा प्रबंधाचा विषय मार्गदर्शकांनी नाकारला. आता काय करू?

त्यांचे आभार माना. हा विषय नव्हे, ग्रंथालयाचं एक दालन आहे. एका मतदानापासून सुरुवात करून पाहा. १७ मार्च २०११ रोजी सुरक्षा परिषदेत लिबियातल्या नागरिकांच्या संरक्षणासाठी लष्करी कारवाईला परवानगी देणारा ठराव क्रमांक १९७३ मंजूर झाला. बाजूने दहा मतं, विरोधात एकही नाही, पाच देश तटस्थ : रशिया, चीन, भारत, ब्राझील आणि जर्मनी. यादीतलं शेवटचं नाव खटकलं पाहिजे. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स हे मित्र एका बाजूला असताना जर्मनी वेगळा का गेला? दहाच दिवसांनी जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात निवडणूक होती, म्हणून देशांतर्गत राजकारणाकडे बोट दाखवता येतं. लष्करी कारवाईबद्दलची जुनी नाखुशी हे दुसरं उत्तर. या दोन्हींत जास्त वजन कशाला, हा झाला प्रबंधाचा प्रश्न.

परिषदेच्या त्या बैठकीचं इतिवृत्त संयुक्त राष्ट्रांच्या डिजिटल ग्रंथालयात फुकट मिळतं. प्रतिनिधींनी मतदानानंतर दिलेली स्पष्टीकरणं आधी वाचा, त्यांवरचे लेख मागाहून. आणि रशिया-चीनला नकाराधिकार असूनही त्यांनी तो वापरला नाही, हा तितकाच चांगला दुसरा विषय तिथेच पडलेला आहे.

प्रश्न : परकीय भाषा शिकावीच लागते का?

अभ्यासक्रमाची अट नसेल तर लागत नाही. पण एखाद्या प्रदेशावर काम करणार असाल आणि तिथलं वर्तमानपत्र वाचता येत नसेल, तर तुमचं सगळं ज्ञान दुसऱ्याच्या निवडीवर चालतं.

प्रश्न : पदवीनंतर संयुक्त राष्ट्रांत नोकरी मिळते का?

नुसत्या पदवीवर नाही. तरुणांसाठीच्या 'यंग प्रोफेशनल्स प्रोग्रॅम'ला ३२ वर्षांची वयोमर्यादा आहे, स्पर्धा परीक्षा आहे, आणि कोणत्या देशांचे नागरिक अर्ज करू शकतात ती यादी दरवर्षी बदलते. आपला देश यंदा आहे का, ते आधी बघा. सचिवालयातली इंटर्नशिप बिनपगारी असते. न्यूयॉर्क किंवा जिनिव्हातला राहण्याचा खर्च स्वतः उचलावा लागतो, हे घरच्यांशी अर्ज करण्यापूर्वीच बोलून घ्या.