‘रिपब्लिक ऑफ लेटर्स’ : पत्रांचे, साहित्याचे की विद्येचे?

प्रश्न असा आला आहे. सतराव्या शतकातल्या युरोपीय विद्वानांवरचा एक लेख मराठीत आणताना ‘रिपब्लिक ऑफ लेटर्स’ हा शब्दप्रयोग पानोपानी येतो. देशोदेशी विखुरलेल्या, पण पत्रांनी एकमेकांशी जोडलेल्या विद्वानांच्या समूहाचे हे नाव. विचारणाऱ्या ताईंनी पहिल्या खर्ड्यात ‘पत्रांचे प्रजासत्ताक’ असे लिहिले, कारण लेख सगळा विद्वानांच्या पत्रव्यवहाराबद्दलच आहे. तपासणाऱ्याने ते खोडून ‘साहित्याचे प्रजासत्ताक’ केले. दोन्ही वाचताना काहीतरी खटकते, तर योग्य काय?

मी ‘विद्येचे गणराज्य’ असे लिहीन. आता कारणे सांगतो.

इंग्रजी ‘लेटर्स’मागे लॅटिन ‘लितेराए’ उभा आहे. ‘लितेरा’ म्हणजे वर्णमालेतले एक अक्षर. त्याचे अनेकवचन ‘लितेराए’, आणि या अनेकवचनाला तीन अर्थ आहेत : अक्षरे, पत्र आणि विद्या. पत्र एकच असले तरी शब्द अनेकवचनीच राहतो, त्यामुळे दोन पत्रे म्हणायची तर लॅटिनमध्ये नेहमीचा ‘दोन’ चालत नाही, ‘बिनाए लितेराए’ अशी वेगळी संख्या लावावी लागते. इरॅस्मस या डच पंडिताने लॅटिन शिकणाऱ्यांसाठी १५१२ मध्ये एक पुस्तक छापले. त्यात ‘तुझ्या पत्राने मला फार आनंद झाला’ हे एक वाक्य शंभराहून जास्त तऱ्हांनी फिरवून दाखवले आहे. त्या वाक्यातले ‘लितेराए’ म्हणजे पत्र. पण हाच इरॅस्मस जेव्हा ‘बोनाए लितेराए’ म्हणतो, आणि ते तो सतत म्हणतो, तेव्हा त्याला ग्रीक-लॅटिन ग्रंथांवर पोसलेली सद्विद्या अभिप्रेत असते. तिथे पत्राचा काही संबंध नाही.

‘रेस्पुब्लिका लितेरारिआ’ हा प्रयोग इरॅस्मसच्याही आधीचा. त्याचा सर्वांत जुना ज्ञात दाखला १४१७ चा आहे. व्हेनिसच्या फ्रांचेस्को बार्बारोने पोज्जो ब्राच्चोलीनीला लिहिलेल्या पत्रात तो येतो. पोज्जो त्या वर्षांत आल्प्सपलीकडच्या मठांतून धूळ खात पडलेली प्राचीन रोमन ग्रंथांची हस्तलिखिते हुडकून काढत होता, आणि त्याने विद्येच्या या राज्यावर केवढे उपकार केले हे बार्बारो त्याला कळवत होता. इथे ‘लितेरारिआ’ हे विशेषण आहे आणि ते ग्रंथविद्येबद्दल आहे. पत्रासाठी लॅटिनमध्ये ‘एपिस्तोला’ हा स्वतंत्र शब्द आहे. पत्रांचेच राज्य म्हणायचे असते तर ‘एपिस्तोलिका’ हे विशेषण हाताशी होते. जर्मन भाषेने तर संशयाला जागाच ठेवली नाही. तिथे या समूहाला ‘गेलेर्टेनरेपुब्लीक’ म्हणतात, म्हणजे सरळ ‘विद्वानांचे गणराज्य’.

तपासणाऱ्याने घातलेले ‘साहित्य’ कुठून आले तेही उघड आहे. आपली साहित्य अकादमी इंग्रजीत स्वतःची ओळख ‘नॅशनल अकॅडमी ऑफ लेटर्स’ अशी करून देते, आणि तिथे ‘लेटर्स’ म्हणजे साहित्यच. पण हा अर्थाचा संकोच नंतरचा आहे. सतराव्या शतकात खगोल, गणित, नाणेशास्त्र, वनस्पती, बायबलची पाठचिकित्सा, शरीररचना हे सगळे ‘लितेराए’त मोडत होते. ‘साहित्याचे’ म्हटले की मराठी वाचकासमोर कवी आणि कादंबरीकार येतात, गॅलिलिओ येत नाही. ‘डी. लिट.’मधला ‘लिट’ हाच शब्द आहे, आणि ती पदवी इतिहासाच्या अभ्यासकालाही मिळते, हे लक्षात घेतले तर जुना विस्तार थोडा ध्यानात येईल.

‘अक्षरांचे’ म्हणावे का, असेही कोणी सुचवेल. आपल्याकडे ‘अक्षरशत्रू’, ‘चार अक्षरे शिकलेला’ असे प्रयोग आहेतच, म्हणजे मराठीत अक्षर विद्येपर्यंत पोहोचते. पण पोहोचते ते उंबरठ्यापर्यंत. या शब्दांत लिहिता-वाचता येण्यापलीकडची विद्या नाही, आणि ‘अक्षरांचे गणराज्य’ वाचून साक्षरता मोहिमेची आठवण व्हायची.

असे असले तरी ताईंना ‘पत्रांचे’ का सुचले हे मला पुरते पटते. या राज्याला भूमी नव्हती, राजधानी नव्हती, सनद नव्हती. जे काही होते ते टपालाच्या थैल्यांत होते. लिफाफा नसायचा. कागदच घड्या घालून लाखेने बंद करायचा, त्यावरच पत्ता लिहायचा. हशील बहुधा पत्र घेणाऱ्याने भरायचे. म्हणून जाडजूड पत्र पाठवणे म्हणजे समोरच्याच्या खिशाला हात घालणे, आणि पुष्कळदा अशी पत्रे ओळखीचा व्यापारी, वकिलातीचा माणूस, प्रवासाला निघालेला विद्यार्थी यांच्या हाती दिली जात.

फ्रान्सच्या दक्षिणेला एक्स नावाचे शहर आहे. तिथल्या वरिष्ठ न्यायालयात निकोला-क्लोद फाब्री द पेरेस्क (१५८०–१६३७) हा न्यायाधीश होता. त्याने हयातीत छापून असे जवळजवळ काही प्रसिद्ध केले नाही. पत्रे मात्र सुमारे दहा हजार लिहिली. चित्रकार रुबेन्सशी तो प्राचीन रत्नांवरच्या कोरीवकामाबद्दल लिहीत होता, कैरो आणि अलेप्पोतल्या व्यापाऱ्यांना नि धर्मप्रचारकांना हस्तलिखिते शोधायला सांगत होता, आणि गॅलिलिओला रोममध्ये शिक्षा झाली तेव्हा त्याच्यासाठी त्याने पोपच्या पुतण्याकडे, कार्डिनल बार्बेरीनीकडे रदबदलीही केली. २८ ऑगस्ट १६३५ च्या चंद्रग्रहणाच्या आधी त्याने ठिकठिकाणच्या परिचितांना पत्रे धाडली : ग्रहण तुमच्याकडे कधी लागले, कधी सुटले, ते नोंदवा आणि मला कळवा. ग्रहण सगळीकडे एकाच क्षणी होते, स्थानिक वेळ मात्र वेगळी असते, आणि या फरकावरून रेखांश काढता येतो. इटलीपासून इजिप्त-सीरियापर्यंतच्या नोंदी परत आल्या तेव्हा निघाले की भूमध्य समुद्र त्या वेळच्या नकाशांत शेकडो किलोमीटरने जास्त लांब दाखवला जात होता. एका माणसाने घरी बसून, नुसत्या पत्रांच्या जोरावर समुद्राची लांबी दुरुस्त केली. मला या सगळ्या इतिहासात याहून आवडते काही नाही.

पॅरिसच्या मठातला मार्सेन हा साधू असाच. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचे ‘मेडिटेशन्स’ छापले जाण्याआधी त्याने ते विद्वानांत फिरवून आक्षेप मागवले, आणि १६४१ मध्ये ग्रंथ निघाला तो आक्षेप आणि उत्तरे यांच्यासकट. तो वारला तेव्हा त्याच्या खोलीत अठ्ठ्याहत्तर जणांची पत्रे होती.

इथे मराठीतला एक शब्द मला फार जवळचा वाटतो. या देवघेवीला लॅटिनमध्ये ‘कोमर्कियुम एपिस्तोलिकुम’ म्हणत. ‘कोमर्कियुम’ म्हणजे व्यापार, देणेघेणे, संबंध. आपल्या ‘पत्रव्यवहारा’तला ‘व्यवहार’ नेमका हेच सगळे सांगतो. त्यासाठी नवा शब्द घडवायची गरज नाही. त्या राज्यात खरोखरच उधारी-उसनवारीचे नियम होते. पत्राला उत्तर द्यायचे, मागितलेली माहिती पुरवायची, उसना ग्रंथ परत करायचा, दुसऱ्याने कळवलेला शोध त्याच्या नावानिशीच पुढे सांगायचा. शेवटचा नियम मोडल्याचा आरोप झाला की काय होई ते न्यूटन आणि जर्मन गणिती लायब्निट्स यांच्या भांडणात दिसते. १६७६ मध्ये न्यूटनने लंडनच्या रॉयल सोसायटीचा चिटणीस हेन्री ओल्डेनबुर्ग याच्यामार्फत लायब्निट्सला पत्र लिहिले, आणि कलनशास्त्राची मुख्य गोष्ट वाक्यातली अक्षरे सुटी करून, कोणते अक्षर किती वेळा एवढेच मोजून दिली. शोध आपला आहे याचा पुरावा राहावा, पण समोरच्याला उलगडू नये, म्हणून. पुढे वाद पेटला तेव्हा रॉयल सोसायटीने ही जुनी पत्रे १७१२ चे साल घालून छापली. संस्थेचा अध्यक्ष स्वतः न्यूटन, म्हणजे निवाडा कोणाच्या बाजूने गेला हे सांगायला नको. त्या पुस्तकाचे नावच ‘कोमर्कियुम एपिस्तोलिकुम’. मराठीत ते डोळे मिटून ‘पत्रव्यवहार’ करावे.

ओल्डेनबुर्ग मूळचा ब्रेमेनचा. लंडनमध्ये बसून तो सगळ्या युरोपाशी लिहीत होता, आणि परदेशी पत्रांचा एवढा ओघ संशयाला पुरेसा होता. १६६७ च्या उन्हाळ्यात, इंग्लंड-हॉलंड युद्ध चालू असताना, त्याला लंडनच्या किल्ल्यात सुमारे दोन महिने कैदेत ठेवले. त्याने स्वतःच्या आडनावातली नऊ अक्षरे उलटसुलट करून ‘ग्रूबेंडोल’ असे नाव तयार केले होते आणि परदेशची पत्रे त्या नावाने मागवत असे. १६६५ च्या मार्चमध्ये त्याने ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’ सुरू केले. त्यातला पुष्कळसा मजकूर म्हणजे त्याला आलेली पत्रेच. डेल्फ्टचा कापडव्यापारी लेव्हेनहूक याला लॅटिन येत नव्हते. तो डच भाषेत लिही, ओल्डेनबुर्ग त्याचे इंग्रजी करी. थेंबभर पाण्यातले सूक्ष्म जीव जगाला कळले ते १६७६ च्या अशाच एका पत्रातून.

म्हणजे हे सगळे लॅटिन जाणणाऱ्या सभ्य गृहस्थांचेच वर्तुळ होते असे म्हणता येत नाही. बहुतांशी होते, एवढे खरे. स्त्रियांना विद्यापीठ बंद होते. आना मारिया फान स्खुर्मन या विदुषीला १६३६ मध्ये उत्रेख्तच्या विद्यापीठात व्याख्याने ऐकायला मिळाली ती आडोशामागे बसून. पत्राला आडोसा लागत नव्हता. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने मे १६४३ मध्ये देकार्तला लिहिले : आत्मा जर निव्वळ विचार करणारा, जागा न व्यापणारा असेल, तर तो शरीराला हलवतो कसा? देकार्तच्या तत्त्वज्ञानातल्या सर्वांत दुखऱ्या जागेवर बोट ठेवणारा हा प्रश्न आहे, आणि त्याला त्याचे समाधानकारक उत्तर कधीच देता आले नाही.

आता ‘रिपब्लिक’कडे. आपण २६ जानेवारीला ‘प्रजासत्ताक दिन’ म्हणतो, पण संविधानाच्या मराठी उद्देशिकेत शब्द ‘गणराज्य’ असा आहे. सामान्य वापरात दोन्ही चालतात. इथे मात्र फरक पडतो. ‘रेस्पुब्लिका’ म्हणजे ‘सर्वांची गोष्ट’, सार्वजनिक हिताचा समाज. मध्ययुगीन आणि नंतरच्या लॅटिनमध्ये राजा असलेल्या राज्यालाही हा शब्द लावत. बार्बारोच्या मनात राजा उलथून प्रजेने सत्ता घेतल्याची कल्पना नव्हती. समान हिताने बांधलेला विद्वानांचा गण त्याला म्हणायचा होता. प्रजासत्ताकाचा राजकीय रंग नंतर चढला. पिएर बेल हा प्रॉटेस्टंट असल्यामुळे फ्रान्स सोडून रॉटरडॅमला आलेला निर्वासित. १६८४ मध्ये त्याने काढलेल्या मासिकाच्या नावातच ‘रेप्युब्लिक दे लेत्र’ आहे. पुढे त्याने आपल्या कोशात लिहिले की या राज्यात फक्त सत्याची आणि विवेकाची सत्ता चालते, इथे मित्राने मित्रापासून आणि बापाने मुलापासून सावध राहावे, आणि प्रत्येक जण सार्वभौमही असतो आणि प्रत्येकाच्या निवाड्याखालीही असतो. बेलच्या या वाक्यासाठी ‘प्रजासत्ताक’ शोभेल, हे मी मान्य करतो. पण शब्द त्याच्याआधी पावणेतीनशे वर्षे वापरात होता, आणि तो सगळा काळ ‘गणराज्य’ अधिक चांगला झाकतो.

पत्रांचे राज्य म्हणू नये याला आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्या मुलखातले आहे. गोव्यातला जेझुइट पंथाचा इंग्रज धर्मप्रचारक थॉमस स्टीफन्स, म्हणजे आपल्या ‘क्रिस्तपुराणा’चा कर्ता, याने १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या लॅटिन पत्रात इकडच्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचे नोंदवले. पुढे दोन-तीन वर्षांत फ्लॉरेन्सचा व्यापारी फिलिप्पो सास्सेत्ती याने भारतातून घरच्या विद्वान मित्रांना कळवले की संस्कृत आणि त्याच्या भाषेत साम्य आहे : देव आणि ‘दिओ’, सर्प आणि ‘सेर्पे’, सप्त आणि ‘सेत्ते’, नव आणि ‘नोवे’. तो १५८८ मध्ये गोव्यातच वारला. दोन्ही पत्रे पोचली, पण त्यातल्या या निरीक्षणांवर विद्वानांत चर्चा झाली नाही. स्टीफन्सचे पत्र तर १९५७ पर्यंत छापलेही गेले नव्हते. हीच गोष्ट इंग्रज न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या सभेत सांगितली तेव्हा तिचे शास्त्र झाले. नुसते पत्र लिहून या राज्यात शिरकाव होत नसे. ते मोठ्याने वाचले जावे लागे, त्याची नक्कल निघून पुढे जावी लागे, कोणीतरी त्यावर हरकत घ्यावी लागे.

इतर पर्यायांबद्दल थोडक्यात. ‘सारस्वत’ हा शब्द अर्थाने सुंदर आहे, पण आज तो वाचला की आधी जात आठवते. ‘विद्वत्सभा’ आणि ‘विद्वत्परिषद’ यांत माणसे एका जागी बसलेली दिसतात, आणि इथे तर बरेच जण एकमेकांना जन्मात भेटले नाहीत. ‘विद्वानांचे गणराज्य’ चालेल, जर्मन शब्दाला तर तेच योग्य, पण त्यात लेव्हेनहूकला जागा देताना मन थोडे अडखळते. ‘विद्येचे गणराज्य’मध्ये तो आणि एलिझाबेथ दोघेही निःसंकोच येतात. पहिल्या उल्लेखाला ‘पत्रव्यवहाराने जोडलेले विद्येचे गणराज्य’ असे लिहावे, म्हणजे ताईंचा मूळ हेतूही राखला जाईल. नंतर नुसते ‘विद्येचे गणराज्य’ पुरे.

याच लेखात ‘मॅन ऑफ लेटर्स’ही आले असेल, तर त्याचे ‘साहित्यिक’ करू नका. पेरेस्क साहित्यिक नव्हता. त्याला ‘विद्वान’, फार तर ‘विद्याव्यासंगी’ म्हणा. आणि पत्रांच्या मायन्यातले ‘वीर क्लारिसिमे’ हे संबोधन मराठीत शब्दशः ‘अतितेजस्वी पुरुषा’ असे उतरवू नका. विद्वानाने विद्वानाला लिहिण्याची ती नेहमीची रीत होती, तिथे ‘विद्वद्वर्य’ अगदी चपखल बसते.